कन्हानच्या आकाशातली जुनी धूळ

2006 सालची दिवाळी. पहाटेचे चार वाजायचेत. नागपूरजवळच्या कन्हानच्या घरामागच्या अंगणात बंब पेटलाय, आणि अंगाला तेल चोपडलेले तुम्ही पाटावर बसायचं सोडून गच्चीवर पळालात. खालून आईची हाक येते, "पाणी तापून राह्यलं ना रे, कुठं गेला तू?" तुम्ही हुं म्हणत नाही. अमावास्येच्या आसपासचं आकाश आहे, चंद्राचा त्रास नाही. मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेला कललेलं. त्याच्या खाली व्याध लखलखतोय. गल्लीतला पहिला फटाका अजून वाजलेला नाही.

मृगातल्या काक्षी ताऱ्याच्या वरच्या अंगाला एक रेघ उमटते. पांढरी, कडेला हिरवट झाक असलेली. दिसली म्हणेपर्यंत विझते. ती विझल्यावरही तिच्या वाटेवर फिकट धुरासारखा माग क्षणभर राहतो. तुम्ही डोळे चोळता, तेवढ्यात दुसरी. मग थोड्या वेळाने एकदम दोन. एरवी ऑक्टोबरच्या या पहाटांना चांगल्या अंधारात तासाभरात वीसेक उल्का दिसल्या तर पुष्कळ. या वर्षी 21 ऑक्टोबरच्या मागेपुढे जगभरचे निरीक्षक पन्नास-साठ मोजतायत, आणि त्यांना त्याचं कारण सापडत नाहीये.

अख्खा महाराष्ट्र या घटकेला जागा आहे. उटणं, तेल, कारीट, पहिली अंघोळ. वर्षातून एवढी माणसं पहाटे उठतात ती याच दिवसांत, आणि हॅलेच्या धूमकेतूची धूळ गेल्या कित्येक वर्षांत पडली नव्हती इतकी नेमकी याच पहाटांना पडतेय. अर्ध्या तासात फटाक्यांचा धूर गच्चीच्या कठड्यापर्यंत येईल आणि आकाश मिटेल. मला याची खरोखर हळहळ वाटते. म्हणून तुम्हाला खाली जाऊ देत नाही. मघाच्या पहिल्या रेघेतला कण पकडू आणि त्याच्या वाटेने उलटं चालू.

कण केवढा? ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. मिलिमीटरभराचा, फार तर थोडा मोठा. पण तो सेकंदाला 66 किलोमीटर वेगाने आला, कारण हॅलेचा धूमकेतू सूर्याभोवती उलट्या दिशेने फिरतो आणि त्याची धूळ पृथ्वीला जवळपास समोरासमोर येऊन धडकते. जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर हवेला भिडताच कण संपला. तुम्हाला दिसली ती तापून उजळलेली हवा आणि त्या कणाची वाफ.

आता मागे. कण सूर्यापासून दूर निघतो, गुरू, शनी, युरेनस ओलांडून नेपच्यूनच्या अंतरापर्यंत जातो, वळतो, परत येतो. एक फेरी सुमारे 71 वर्षांची. तुम्ही फेऱ्या मोजत मागे जाताय. कामठीची छावणी पुसली गेली. नागपूरचे भोसले गेले, देवगडचे गोंड राजे गेले, रामटेकच्या डोंगरावरची देवळं नाहीशी झाली. कन्हान नदी तेवढी वाहतेय, सातपुड्यातून उतरून पेंचला भेटत. चाळिसेक फेऱ्यांनंतर तुम्ही थांबता. साल आहे इसवी सनपूर्व 911.

इथे तुम्ही धूमकेतूवर उभे आहात. उभे म्हणणंही धाडसाचं आहे. पंधरा किलोमीटर लांब, आठेक किलोमीटर रुंद असा हा वेडावाकडा गोळा; त्याचं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण की जोर लावून उडी मारलीत तर परत खाली येणार नाही. पायाखालचं सगळं काळंकुट्ट. सूर्याचा जेमतेम चार टक्के प्रकाश ही जमीन परत फेकते. कन्हानच्या खुल्या खाणीत ट्रकमध्ये भरला जाणारा कोळसा इथे आणून ठेवलात तर तो उजळ वाटेल. दुरून लखलखणाऱ्या धूमकेतूचं अंग असं काळं असतं, हे कळलं तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले होते.

सूर्य डोक्यावर येतोय. गोळा या वेळी शुक्राच्या कक्षेच्याही आत, सूर्यापासून पावणेनऊ कोटी किलोमीटरवर आहे. ऊन पृथ्वीवरच्या उन्हाच्या जवळजवळ तिप्पट. वरचं काळं कवच तापून नागपूरच्या मे महिन्यालाही मागे टाकतं, आणि त्याच्या खाली, कुठे हातभर तर कुठे त्याहून कमी खोलीवर, ग्रहांच्या जन्माच्या वेळचं बर्फ आहे. कवच सच्छिद्र असल्यामुळे उष्णता आत झिरपायला वेळ लागतो. म्हणून खरी गडबड भर दुपारी होत नाही, दुपार कलल्यावर होते. सगळ्या प्रदक्षिणेलाही तोच नियम: सूर्याशी सर्वांत जवळ असताना जेवढी धूळ सुटते, त्याहून जास्त बहुधा त्यानंतरच्या दिवसांत.

आता पाहा. इथे हवेचा दाब नाही, त्यामुळे बर्फाचं पाणी होत नाही. थेट वाफ होते. ती वाफ वर यायला वाट शोधते. जिथे कवच पातळ आहे, जिथे कडा ढासळून आतलं ताजं अंग उघडं पडलंय, तिथून ती फुटते. सगळ्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग असा जागा असतो, बाकीचा निपचित. वाफेचा वेग सेकंदाला अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे. ती जाताना कवचातले कण ओढून नेते. बारीक कण तिच्याबरोबर भन्नाट उधळतात. मिलिमीटरभराचे कण जड, ते सेकंदाला दहा-वीस मीटरच्या चालीने निघतात. त्याहून मोठी ढेकळं जेमतेम उचलली जातात, जरा वर तरंगतात आणि कितीतरी वेळाने गोळ्याच्या दुसऱ्याच बाजूला हलकेच येऊन बसतात.

तुमचा कण तुमच्या बुटाशेजारी आहे. एकसंध खडा नाही तो. बारीक बारीक कण एकमेकांना चिकटून झालेला भुसभुशीत गोळा. आणि इथेच एक गोष्ट अडते. एवढ्याशा कणाला शेजारच्या कणांनी जे धरून ठेवलंय ते बळ, वाफेच्या रेट्यापेक्षा जास्त भरतं. हिशोब मांडला तर कण सुटायलाच नको. 2014 ते 2016 अशी दोन वर्षं रोझेटा यान 67पी या दुसऱ्या एका धूमकेतूभोवती फिरलं, धूळ गोळा केली, तिचे फोटो काढले, तरी धुळीचा कण नेमका कशाने सुटा होतो यावर आजही एकमत नाही. कदाचित कवचाखाली वाफ कोंडून दाब वाढतो. कदाचित कण एकेकटे न सुटता ढेकळांनी सुटतात आणि वाटेत फुटतात. मला हा प्रश्न फार आवडतो. आकाशातली कोट्यवधी किलोमीटर लांबीची शेपटी आपल्याला समजते, आणि तिच्या मुळाशी असलेली बोटभर जागा समजत नाही.

पण कण सुटला. तुमच्या डोळ्यांसमोर थरथरला, उचलला गेला, उन्हात चमकला आणि वर गेला. दहा-वीस किलोमीटरनंतर वाफ इतकी विरळ होते की तिचा कणावर अंमल उरत नाही. आता त्याचे दोन मालक: सूर्याचं गुरुत्वाकर्षण आणि सूर्याचाच प्रकाश. प्रकाश ढकलतो, हे ऐकायला नवल वाटतं; पण सिगारेटच्या धुरातल्या कणाइतक्या बारीक धुळीला तो ढकलणं पुरेसं असतं. असे कण मागे पडत जातात, बाहेर फेकले जातात, आणि त्यांचीच ती पिवळसर पांढरी, बाकदार शेपटी बनते. तिच्या जोडीला सरळ निळसर शेपटी असते ती विद्युतभारित वायूची, तिला सौरवारा हाकतो. 1997 च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी मावळतीला दिसत होता, तेव्हा दोन्ही शेपट्या वेगवेगळ्या ओळखू येत होत्या. ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल.

तुमचा कण मात्र शेपटीत गेला नाही. तो जड आहे, प्रकाशाला फारशी दाद देत नाही. तो धूमकेतूच्याच वाटेवर राहिला, किंचित वेगळ्या वेगाने. एका फेरीनंतर तो आपल्या गोळ्याच्या आधी किंवा नंतर पोहोचेल, दहा फेऱ्यांनंतर दोघांची चुकामूक झालेली असेल.

खाली पृथ्वीवर उतरू या. पेंचच्या काठी, आजच्या पारशिवनी तालुक्यात नैकुंडजवळ. विदर्भातल्या शिळावर्तुळांचा काळ साधारण याच सुमाराला उगवतो. इथले लोक आपल्या मृतांभोवती मोठाले दगड वर्तुळात मांडणार आहेत. नागपूरच्या काटोल रस्त्यावर जुनापाणीला ती वर्तुळं आजही आहेत. माहुरझरीच्या दफनांत घोड्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार निघाले. नैकुंडला पुढे काही पिढ्यांनी लोखंड वितळवायची भट्टी पेटेल. 1970 च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात ती उजेडात आली. त्या भट्टीतल्या लोखंडाहूनही तुमचा कण आधी मोकळा झाला. या काठावरच्या कुणी मान वर करून तो धूमकेतू पाहिला असेलच, कारण तो न दिसण्यासारखा नव्हता. पाहून ते काय म्हणाले ते कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

आता पुढे येताना झपझप येऊ. इ.स. 374 च्या एप्रिलच्या सुरुवातीला तो पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरच्याही आत आला. चीनमध्ये त्याची नोंद झाली. कन्हानपासून जवळच नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन. तिथे त्या काळी वाकाटकांचा अंमल. 1835 ला तो परतला तेव्हा नदीपलीकडे कामठीची लष्करी छावणी वसून चौदा वर्षं झाली होती. त्या ऑक्टोबरात प्रशियात खगोलशास्त्रज्ञ बेसेल दुर्बिणीतून धूमकेतूच्या डोक्यातून सूर्याच्या दिशेने निघणारी कारंजी रेखाटत होता. तुम्ही ज्यांच्या शेजारी उभे होतात तीच ही कारंजी.

मे 1910 ला मात्र थांबायलाच हवं.

नागपुरी उन्हाळा. घरात झोपणं शक्य नाही, सगळी वस्ती अंगणात बाजा टाकून पडलीय. पहाटे तीन-साडेतीनला कुणीतरी हलवून उठवतं. पूर्वेला धूमकेतू उभा आहे, शेपटी वर, जवळच शुक्र. रेल्वेचा पॉइंटमन कंदील खाली ठेवून बघतोय. बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी निघून गेल्यावर रुळांवर शांतता आहे. छावणीतून बातमी आली आहे की साहेबांचा राजा, सातवा एडवर्ड, 6 मेला वारला. "शेंडेनक्षत्र उगवलं तवाच मी म्हटलं होतं," एक म्हातारी सुनेला सांगते, "राजावर हाय ते." सून पदर तोंडाला लावून नुसती बघत राहते.

तुम्ही तिला काय सांगाल? तिच्या भीतीला हसू नका. याच महिन्यात युरोप-अमेरिकेतली शिकलेली माणसं तिच्याहून जास्त घाबरलेली आहेत. शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचं वर्णपटावरून कळलंय आणि 18-19 मेला पृथ्वी शेपटीतून जाणार असल्याचं छापून आलंय. लोक दारं-खिडक्यांच्या फटी बुजवतायत, धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतायत. तिकडे कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेत शांतपणे फोटो घेतले जातायत.

18 ची पहाट. शेपटी पूर्वेच्या क्षितिजापासून निघून जवळजवळ डोक्यावरून पलीकडे गेलीय. 19 ला धूमकेतू सूर्याच्या अगदी अंगावर, डोकं दिसणं शक्यच नाही, तरीही शेपटीचा पट्टा पूर्वेलाच रेंगाळलेला. आणि काहीही होत नाही. शेपटी इतकी विरळ आहे की कोट्यवधी किलोमीटरमध्ये पसरलेली ती धूळ आणि तो वायू पृथ्वीच्या हवेला जाणवतही नाही. उन्हं येतात, बायका नदीवर पाण्याला जातात.

पण या गडबडीत सगळ्यांच्या नजरेतून जे निसटलं, तेच मला तुम्हाला दाखवायचं आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात परत चला, त्याच अंगणात, त्याच बाजेवर. सगळे धूमकेतूकडे बघतायत. तुम्ही जरा बाजूला, कुंभ राशीकडे बघा. रेघ. थोड्या वेळाने आणखी एक, लांबलचक, आकाशाचा निम्मा भाग कापत जाणारी. हीसुद्धा हॅलेचीच धूळ. पृथ्वी या धूमकेतूच्या धुळीचा प्रवाह वर्षातून दोनदा ओलांडते, मेच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. म्हणजे धूमकेतू समोर उभा असताना त्याने पूर्वी कधीतरी टाकलेले कण त्याच आकाशातून खाली येतायत.

14 मार्च 1986, पहाटे साडेपाच. कन्हानमध्ये कोळशाच्या पहिल्या पाळीची माणसं निघालीत. या वेळचा हॅले लोकांना फिका वाटला, कारण सूर्याजवळून गेला तेव्हा तो आणि आपण सूर्याच्या दोन बाजूंना होतो. पण याच मिनिटाला जिओत्तो यान त्याच्या गाभ्यापासून 596 किलोमीटरवरून जातंय, आणि माणूस पहिल्यांदाच ती काळी जमीन इतक्या जवळून पाहतोय. उन्हाच्या बाजूने निदान सात झोत, मिळून सेकंदाला तीन टन माल बाहेर. यानावर धुळीच्या बारा हजार टकरा नोंदल्या गेल्या. सर्वांत जवळ पोहोचायच्या काही सेकंद आधी एक कण असा बसला की यान डगमगलं आणि पृथ्वीशी संपर्क तुटतुटू लागला. त्या कणाचं वजन ग्रॅमभराचं असावं.

यानाने धुळीची रासायनिक चव घेतली तेव्हा खनिजांबरोबर कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांनी भरलेले कण सापडले. सजीवांचा कच्चा माल. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनाही या धुळीचं कुतूहल होतं. जानेवारी 2001 मध्ये हैदराबादहून त्यांच्या चमूने एक मोठा फुगा सोडला, 41 किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत गोठवून खाली आणली आणि तिच्यात जिवंत पेशी सापडल्याचं सांगितलं. त्या पेशी अंतराळातून आल्या हे बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केलं नाही, आणि मलाही पृथ्वीवरून वर गेल्याची शक्यता जास्त पटते. तरी आकाशातून येणारी धूळ हातात घेऊन तपासायची ही जिद्द मोलाची होती.

मग 2006. त्या उल्का एवढ्या का आल्या, याचं उत्तर वर्षभराने मिकिया सातो आणि जुनइची वातानाबे या जपानी संशोधकांनी मांडलं. हॅलेची आजची कक्षा ऑक्टोबरातल्या आपल्या जागेपासून सव्वादोन कोटी किलोमीटरहून अधिक दूरवरून जाते. म्हणजे अलीकडच्या फेऱ्यांतली धूळ तेव्हा आपल्याला भेटण्याचं कारण नाही. भेटली ती इसवी सनपूर्व 1266, 1198 आणि 911 या तीन फेऱ्यांतली. इतकी जुनी धूळ खरं तर विखरून जायला हवी होती. पण ती गुरूच्या तालात अडकली: गुरूच्या सहा प्रदक्षिणा, त्यांची एक. दर वेळी गुरूचा ओढा तिला त्याच बेताने मिळत गेला आणि तीन हजार वर्षं तिचे पुंजके मोडले नाहीत. तुमचा कण त्यांतला होता.

म्हणून मला धूमकेतूच्या 76 वर्षांच्या फेरीचं कौतुक जरा जास्तच झालंय असं वाटतं. 1986 ला ज्यांची संधी हुकली ते अजून चुटपुटतात. धूमकेतू आयुष्यात एकदा येतो खरा, पण त्याने सांडलेलं दरवर्षी दोनदा कन्हानवर पडतं, आणि त्याला ना दुर्बीण लागते ना तिकीट. ऑक्टोबरात 20 ते 23 च्या पहाटे, मेमध्ये 5-6 च्या पहाटे, गावाच्या दिव्यांकडे आणि खाणीच्या फ्लडलाइटकडे पाठ करून तासभर पाठीवर पडायचं, एवढंच. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या आणि तेवढा वेळ मोबाइल खिशातच राहू द्या.

आणखी एक उडी मारू. डिसेंबर 2023: नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे तो काळा गोळा सर्वांत लांबच्या टोकाला पोहोचला आणि वळला. तिथे बर्फ दगडासारखं, एक कण हलत नाही. आता तो आपल्या दिशेने निघालाय, अजून संथ.

28 जुलै 2061 ला तो सूर्याशी सर्वांत जवळ असेल, आणि या वेळी पृथ्वी सूर्याच्या त्याच बाजूला आहे, म्हणून 1986 पेक्षा खूपच उजळ दिसेल. कन्हानला मात्र तो भर पावसाळा. ऑगस्टमधली एक संध्याकाळ धरा. दोन सरींच्या मध्ये मावळतीचे ढग फाटलेत, खापरखेड्याच्या बाजूला, आणि तुम्ही नातवाच्या हातात दुर्बीण दिलीय. "आजोबा, शेपटी वाकडी काऊन आहे?" तो विचारतो. तुम्ही सांगता की ती धुळीची आहे, बारीक कणांना ऊन ढकलून देतं, जड कण वाटेवरच राहतात. त्याचा पुढचा प्रश्न तयारच असतो: मग ते जड कण आपल्यावर कधी पडतील? तुम्ही शतकांत बोलू लागता, गुरूचं नाव काढता, आणि तो दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणतो, "थांबा, घरी जाऊन गणित करून पाहू."